निकालाआधीची सहल
(मंडळाच्या वर्धापनदिनी झालेले भाषण)



आजच्या ह्या आनंदाच्या दिवशी 'मला आवडलेला प्रवास' ह्या विषयावर दोन शब्द बोलावेत, अशी आज्ञा अध्यक्षीणबाईंनी मला केली. त्यांची आज्ञा मोडण्याची माझी छाती नाही, कारण हळदीकुंकवाच्या वाणाची यादी त्यांच्याच हाती असते! माझ्याआधी बोललेल्या भगिनींनी आपल्याला केदारनाथापासून थेट सिंगापूरपर्यंत फिरवून आणले. माझा प्रवास मात्र आपल्या जटपुरा गेटापासून उणापुरा पंचवीस-तीस किलोमीटरचा आहे. पहाटे पाचला निघालो आणि दुपारच्या जेवणाला घरी परतलो. खर्च म्हणाल तर स्कूटरचे पेट्रोल आणि दोन ठिकाणचा चहा. एवढ्यात आम्ही एका बेटावर जाऊन आलो. आम्ही म्हणजे हे आणि मी, दोघेच. 'दोघेच' म्हटल्याबरोबर मागच्या रांगेत हसू फुटले ते मला दिसले बरे का! हसा, पण पुढचे ऐका.

बेट म्हटले की आपल्या डोळ्यांपुढे समुद्र येतो. पण आपण पडलो जंगलातली माणसे. आपल्याकडे बेट म्हटले की आधी बांबूचे बेट आठवते. आणि पाण्याने वेढलेले बेट पाहायचे तर ते आपल्याकडे पावसाळ्यात आपोआप तयार होते. गडचिरोली जिल्हा २६ ऑगस्ट १९८२ रोजी आपल्या चंद्रपुरातून वेगळा झाला, पण आपली नातीगोती काही वेगळी झाली नाहीत. तिकडे भामरागडच्या बाजूला ज्यांच्या मुली दिल्या आहेत त्यांना विचारा. इंद्रावती, पामुलगौतमी आणि पर्लकोटा अशा तीन नद्यांच्या संगमावरचे ते गाव. पर्लकोटेच्या पुलावर पाणी चढले की बाहेरच्या जगाशी संबंध तुटला, असे तिथल्या लोकांनी कितीतरी पावसाळे काढले आहेत. तेव्हा बेट म्हणजे मौज, हे शहरातल्या लोकांचे म्हणणे. आपल्या बाजूला बेट म्हणजे अडकून पडणे. मी सांगणार आहे ते बेट मात्र निराळे आहे. त्याला जायला जुना दगडी पूल आहे. ते बेट भद्रावतीच्या डोलारा तलावात आहे.

भद्रावती, म्हणजे आपल्या जुन्या बोलण्यातले भांदक. रेल्वेच्या स्टेशनावर अजून भांदक हेच नाव चालते. नागपूरला जाता-येता आपण त्या गावावरून शेकडो वेळा गेलो असू. लग्नाला गेलो, बारशाला गेलो, दवाखान्यात गेलो. पण तिथे उतरून तलाव पाहावा, असे माझ्या लग्नाला अठ्ठावीस वर्षे होईपर्यंत मला सुचले नव्हते. काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात ते हेच. मग २०१९ सालीच कसे सुचले, ते सांगते.

मी बारावी झाले १९९० साली. पुढच्याच वर्षी लग्न झाले आणि पुस्तके माहेरच्या माळ्यावर गेली. त्यात कुणाचा दोष नव्हता. त्या वेळी घरोघर तशीच रीत होती, आणि इथे बसलेल्या निम्म्या जणींची कहाणी हीच असेल. पुढे मुलगी पुण्याला नोकरीला लागली, मुलगा नागपुरात इंजिनिअरिंगला गेला आणि घरात सासूबाई, हे आणि मी असे तिघेच उरलो. दुपारचे दोन तास मोकळे मिळू लागले. नाशिकच्या यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठाचे नाव मी ऐकून होते. १९८९ साली ते निघाले. नोकरी करणाऱ्यांनी, शेतात राबणाऱ्यांनी, संसारात गुंतलेल्या बायांनी घरी बसून अभ्यास करावा, सुटीच्या दिवशी अभ्यासकेंद्रावर जावे आणि परीक्षा द्यावी, अशी त्याची सोय आहे. २०१६ साली मी बी. ए.चा अर्ज भरला. वय वर्षे चव्वेचाळीस. केंद्रावर पहिल्या दिवशी एका मुलाने मला बाई समजून "नमस्कार मॅडम" म्हटले आणि उठून उभा राहिला. मी म्हटले, "बस बाळा, मीही तुझ्याच वर्गात आहे."

भगिनींनो, अभ्यास अवघड नसतो. अवघड असते ती अभ्यासाला बसण्याची जागा. स्वयंपाकघरात बसावे तर दूध उतू जाते, समोरच्या खोलीत बसावे तर पाहुणा येतो, आणि निजायच्या खोलीत बसावे तर झोप येते. शेवटी आमच्या ह्यांनी आपले पेपर तपासायचे टेबल मला दिले. हे हायस्कुलात गणित शिकवत. तीस वर्षे दुसऱ्यांच्या परीक्षा घेतलेला माणूस! २०१९ च्या मे महिन्यात आपल्या चंद्रपूरचा पारा ४७-४८ अंशांवर गेला होता, आठवत असेल. तशा उन्हात हे मला स्कूटरवर परीक्षेच्या केंद्रावर सोडायचे आणि पेपर सुटेपर्यंत कडुनिंबाखाली पाण्याची बाटली घेऊन बसायचे. शाळेतले शिपाई त्यांना ओळखत. एकाने विचारले, "सर, कोणाच्या पोरीचा पेपर आहे?" हे म्हणाले, "माझ्या घरच्यांचा आहे." शिपायाने लगेच खुर्ची आणून दिली.

आणखी एक सांगते. एकाही पेपराच्या दिवशी ह्यांनी मला "कसा गेला?" म्हणून विचारले नाही. सकाळच्या भाजीपोळीचे ते बघत. पहिल्या आठवड्यात भाजी करपली, दुसऱ्या आठवड्यात अळणी झाली, तिसऱ्या आठवड्यात सासूबाईंनी दोनदा मागून घेतली.

शेवटचा पेपर झाला. घरी आले, पदर खोचला आणि सवयीने कुकर लावायला उभी राहिले. हे दारात येऊन म्हणाले, "अगं, शाळेतली पोरं शेवटचा पेपर झाला की दप्तर फेकून आधी खेळायला पळतात. तू कुठे जाणार?"

मी काय सांगणार? आजवर मी जिथे गेले तिथे काहीतरी निमित्ताने गेले. महाशिवरात्रीला मार्कंड्याला जायचे तर वैनगंगेत स्नान, महादेवाचे दर्शन, सोबत सासूबाई, मुले आणि फराळाच्या पिशव्या. नुसते कुठेतरी जायचे, तेही आपल्याला वाटले म्हणून, हा विचार माझ्या डोक्यात शिरेना. तेव्हा मला आठवले की मुलाच्या एका जुन्या पुस्तकात भांदकच्या तळ्यातल्या बेटाविषयी दोन ओळी होत्या. मी म्हटले, "भद्रावतीला बेट आहे म्हणतात. ते पाहू."

हे म्हणाले, "ठरलं."

ठरले खरे, पण घर म्हटले की ठरलेल्याला फाटे फुटायचेच. नणंदबाई त्या दिवसांत आमच्याकडे आल्या होत्या. स्वभावाने फार प्रेमळ, पण बोलायला मोकळ्या. त्या म्हणाल्या, "वहिनी, निकाल तर लागू दे! पास झालीस की पेढे वाटू आणि मग जा की सहलीला. आधीच जाऊन आलीस आणि निकाल उलटा लागला तर लोक काय म्हणतील?"

त्यांचे बोलणे मला तेव्हा पटले, हे कबूल करायला हवे. आपल्याला लहानपणापासून हेच शिकवले आहे ना? आधी पदरात पडू दे, मग हस. मुलगा पास झाला की पेढे, सुनेला दिवस गेले की ओटी, घर बांधून झाले की वास्तुशांत. काम करीत असताना कुणी आपल्याला "दमलीस, ये, बैस" म्हणत नाही. म्हटलेच तर आपल्यालाच चोरट्यासारखे होते. मी ह्यांना म्हटले, "निकालानंतर बघू."

त्यावर सासूबाई बोलल्या. त्यांचे वय तेव्हा अठ्ठ्याहत्तर. त्यांची बोली अस्सल आपल्या झाडीपट्टीतली. वाती वळता वळता त्या म्हणाल्या, "जा ना वं. निकाल लागेपर्यंत पाऊस लागंल, मंग कुठं जाता?" आणि त्यांनी आम्हांला एक कथा सांगितली. ती मी मुद्दाम तुमच्यासाठी राखून ठेवली आहे.

आपण भद्रावतीला पांडवांच्या वेळची नगरी मानतो. जैमिनी अश्वमेधात ती कथा आहे. धर्मराजाला यज्ञासाठी श्यामकर्ण घोडा हवा होता आणि तो होता भद्रावतीच्या यौवनाश्व राजापाशी. भीम तो आणायला आला. लढाई झाली, मग सख्य झाले आणि राजा सगळ्या परिवारासह हस्तिनापूरला जायला निघाला. एवढी कथा आपल्याला ठाऊक असते. पुढचे सासूबाईंनी सांगितले. राजाची म्हातारी आई काही केल्या निघेना! मुलगा विनवतो आहे, श्रीकृष्णाचे दर्शन होईल, गंगास्नान घडेल. पण म्हातारीचा जीव घरात अडकलेला. मी गेले तर घरादाराकडे कोण बघेल, नोकरमाणसे सगळे लुटून खातील, हीच तिची काळजी. शेवटी राजाने तिला बळेच उचलून नेले. सासूबाई म्हणाल्या, "हे भद्रावतीच्याच बाईचं आहे. तिच्यासारखी होऊ नको." एवढे बोलून त्या पुन्हा वाती वळायला लागल्या. नणंदबाई हसल्या आणि म्हणाल्या, "जा बाई, मी आहे घरी."

जूनच्या अखेरच्या रविवारी आम्ही निघालो. पावसाच्या दोन सरी होऊन गेल्या होत्या. डब्यात पोळ्या, कैरीचा तक्कू आणि भाजलेले शेंगदाणे. डोक्याला दुपट्टा बांधला, कारण पाऊस पडला तरी चंद्रपूरचे ऊन ते चंद्रपूरचे ऊन. जटपुरा गेटातून बाहेर पडलो. विजेच्या कारखान्याच्या चिमण्या धूर सोडीत होत्या. पडोली गेली, ताडाळी गेली. कोळशाचे ट्रक एकामागून एक धावत होते आणि प्रत्येक ट्रक गेला की आम्ही दोघे काळ्या भुकटीने न्हाऊन निघत होतो. पुढे घोडपेठ आले. मी ह्यांना ओरडून म्हटले, "अहो, श्यामकर्ण इथेच बांधला असेल!" हे म्हणाले, "बांधला असेल, पण आता आपल्या ह्या घोड्याला पेट्रोल पाहिजे." असे हसत हसत आम्ही भद्रावतीला पोचलो.

तलाव गावाला लागूनच आहे. पावसाळ्याची नुकती सुरुवात असल्याने पाणी खाली गेले होते. काठावर दोन बाया कपडे धूत होत्या. मी त्यांना विचारले, "बेटावर जायचा पूल कुठला?" त्यातली एक म्हणाली, "थो का समोर! रोजचाच तर हाय." खरेच, पूल समोरच होता.

भगिनींनो, त्या पुलाचे वर्णन करायचे तर आधी मनातून आजकालचा सिमेंटचा पूल काढून टाका. दगडी खांबांच्या दोन रांगा पाण्यात उभ्या आहेत आणि त्यांच्या माथ्यावर प्रचंड दगडी तुळया टाकून वाट केलेली आहे. लांबी सुमारे १३६ फूट आणि रुंदी ७ फूट, असे इंग्रजांच्या वेळच्या गॅझेटियरात दिले आहे. अलेक्झांडर कनिंगहॅम नावाचे पुराणवस्तुसंशोधक १८७० च्या दशकात इथे आले होते. सातव्या शतकात भारतात आलेला चिनी यात्रेकरू ह्युएन-त्संग ज्या कोसल देशाच्या राजधानीचे वर्णन करतो, ती हीच भांदक नगरी असावी, असा त्यांनी तर्क केला. पुढच्या विद्वानांपैकी काहींनी तो मान छत्तीसगडातल्या सिरपूरला दिला. पण राष्ट्रकूट राजा पहिला कृष्ण ह्याचा इसवी सन ७७२ चा ताम्रपट भांदकलाच मिळाला आहे. आपण ज्या गावाला नागपूरच्या वाटेवरचे एक स्टेशन समजतो, ते बाराशे वर्षांपूर्वीही नावारूपाला आलेले होते.

हे सगळे मी अलीकडे वाचून तुम्हांला सांगते आहे. त्या दिवशी मला एवढेच दिसले की पुलावर दोन माणसांना शेजारी शेजारी चालता येते. हसू नका. गावात आम्ही दोघे चालतो तेव्हा हे पुढे आणि मी चार पावले मागे. त्यात रुसवा-फुगवा काही नाही. रस्ता अरुंद, गाड्यांची गर्दी आणि ह्यांची चाल झपाट्याची. अठ्ठावीस वर्षांत तशी सवयच झाली आहे. त्या पुलावर मात्र दगड उंचसखल होते, जपून पाय टाकायचा होता, म्हणून हे थांबले आणि म्हणाले, "चल, सोबतच जाऊ." १३६ फूट आम्ही सोबत चाललो. दोन मिनिटांची वाट, आम्हांला दहा मिनिटे लागली.

बेटावर देखावा म्हणून काही थाटाचे नाही, हे आधीच सांगते, नाहीतर उद्या तुम्ही जाल आणि मला बोल लावाल. झाडझाडोरा, गवत, जुने दगड. सावली पाहून आम्ही एका दगडावर बसलो आणि डबा उघडला. पाण्यावरून वारा येत होता. एक खंड्या पुलाच्या खांबावरून पाण्यात बुडी मारी आणि पुन्हा तिथेच येऊन बसे. बराच वेळ आम्ही काही बोललो नाही. घरातही आम्ही पुष्कळदा बोलत नाही, पण तिथले न बोलणे निराळे असते. घरातल्या न बोलण्यात गॅसची टाकी, विजेचे बिल आणि मुलाची फी असते.

मग मी म्हटले, "अहो, तुम्ही मला पेपर कसे गेले ते एकदाही विचारलं नाहीत."

हे म्हणाले, "तीस वर्षं मी पोरांना दारातच विचारायचो, कसा गेला म्हणून. ज्याला बरा गेला तो सांगायचा, ज्याला वाईट गेला त्याचं तोंड आणखी उतरायचं. तू परीक्षेला बसलीस तेव्हा पहिल्यांदा माझ्या ध्यानात आलं की त्या प्रश्नाने कुणाचा एक मार्क वाढत नाही."

थोड्या वेळाने ते आपणहून म्हणाले, "पुढच्या वर्षी मी रिटायर होतो. सकाळी उठून कुठे जायचं, ह्याचाच विचार येतो मनात. सांगू कुणाला?"

भगिनींनो, मी चमकले. हा माणूस रोज माझ्याशेजारी जेवतो, झोपतो. त्याच्या मनात हे सहा महिन्यांपासून घोळत होते आणि मला त्याचा पत्ता नव्हता. घरात हे बोलायला जागाच नव्हती. सासूबाईंसमोर बोलायचे नाही, मुलांना फोनवर सांगायचे नाही आणि मी माझ्या पुस्तकात डोके घालून बसलेली. मी म्हटले, "तुम्ही मला टेबल दिलंत ना? आता ते दोघांत वाटून घेऊ. सकाळी तुम्ही, दुपारी मी." त्यांनी त्यावर काही उत्तर दिले नाही. शेंगदाणे तेवढे निम्मे माझ्या हातावर ठेवले. पण पुढे रिटायर झाल्यावर त्याच टेबलाशी बसून त्यांनी गल्लीतल्या मुलांना गणित शिकवायला सुरुवात केली. अजून शिकवतात. इथल्या दोघी-तिघींची नातवंडे त्यांच्यापुढे बसून पाढे म्हणून गेली आहेत, त्या साक्षीला आहेत.

तिथून आम्ही विजासनची लेणी पाहिली. बुद्धाची लेणी आहेत ती. डोंगरात सरळ सत्तर-एक फूट खोल गेलेली वाट आणि तिच्या टोकाशी बाकावर बसलेली भव्य बुद्धमूर्ती. बाहेर ऊन तापू लागले होते, आत मात्र रांजणातल्या पाण्यासारखा गारवा. १६ ऑक्टोबर १९५६ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपल्या चंद्रपुरात धम्मदीक्षा दिली, हे आपल्याला ठाऊक आहेच. त्या दिवशीही आजीचा हात धरून आलेली एक चिमुरडी मूर्तीपुढे वाकून उभी होती. भद्रनागाच्या देवळात आम्ही नारळ फोडला. पार्श्वनाथाच्या जैन मंदिराचे शिखर बाहेरूनच पाहिले, कारण घड्याळ पुढे सरकत होते. एका लहानशा गावात नाग, बुद्ध आणि पार्श्वनाथ शेजाऱ्यासारखे नांदताना पाहिले की मन भरून येते. बारा वाजता घरी पोचलो. नणंदबाईंनी गरम गरम वरणभात वाढला आणि सासूबाईंनी पहिला प्रश्न केला, "बेट हाय का खरंच?" मी म्हटले, "आहे, आत्याबाई. पुढच्या खेपेला तुम्हांला बळेच उचलून नेते!" त्या इतक्या हसल्या की त्यांना ठसका लागला.

आता तुमच्यापैकी काहींच्या ओठांवर प्रश्न आलेला दिसतो आहे. निकाल काय लागला?

निकाल लागला तेव्हा माझा अर्थशास्त्राचा पेपर राहिला होता. बाकी सगळे सुटले. नणंदबाईंचा फोन आला. त्या रडायला लागल्या आणि मीच त्यांची समजूत घातली. वाईट मलाही वाटले, खोटे कशाला सांगू? दोन दिवस मी पुस्तकांकडे पाहिले नाही. तिसऱ्या दिवशी ह्यांनी अर्थशास्त्राचे पुस्तक टेबलावर आणून ठेवले आणि मी बसले. निकालानंतरच जायचे असे ठरवले असते तर ते 'नंतर' आणखी एक वर्ष पुढे गेले असते. आणि ते वर्ष कोणते होते, आठवते ना? २०२०. मार्चमध्ये टाळेबंदी लागली. घरोघर बेटे झाली आणि एका बेटावरून दुसऱ्या बेटावर जायचे पूल बंद झाले. मुलगी पुण्यात, मुलगा नागपुरात, आम्ही तिघे इथे. परीक्षा पुढे पुढे गेल्या. मी अर्थशास्त्र सोडवले, बी. ए. झाले, तेव्हा पेढे वाटायला दारी माणूस येत नव्हते. २०२१ साली ह्यांच्या गुडघ्यांनी संप पुकारला आणि स्कूटर विकावी लागली. त्याच वर्षी सासूबाई गेल्या. त्यांना बेटावर न्यायचे राहून गेले.

म्हणून मी आज हे सांगायला उभी राहिले. निकाल आपल्या हातात नसतो. पेपर तपासणारा निराळा, वेळ ठरवणारा निराळा. आपल्या हातात असते ते कष्ट, आणि ते झाले की त्याचा आनंद मानायला कुणाच्या सही-शिक्क्याची गरज नाही. आपण बाया निकालाची वाट पाहत आयुष्य काढतो. पोर मार्गी लागले की, लेकीचे हात पिवळे झाले की, कर्ज फिटले की. आणि ज्या दिवशी तो 'की' संपतो त्या दिवशी गुडघे साथ देत नाहीत.

ह्यावर कुणी म्हणेल, बाई, तुमचे ठीक आहे, तुमच्याकडे स्कूटर होती आणि समजूतदार नवरा होता. खरे आहे. ज्यांच्या घरी हे नाही त्यांच्यासाठीच मंडळ आहे. म्हणून आज मी अध्यक्षीणबाईंपुढे एक सूचना ठेवते. आपल्या मंडळातल्या कितीतरी जणी परीक्षा देतात. कुणी दहावीला सतरा नंबरचा फॉर्म भरून बसते, कुणी शिवणकामाची, कुणी अंगणवाडीच्या भरतीची, कुणी माझ्यासारखी बी. ए.ची. दरवर्षी मंडळाने अशा सगळ्या जणींना परीक्षा संपताच, निकाल लागायच्या आधी, एक सकाळ सहलीला न्यावे. लांब नको. भद्रावती आहे, जुनोन्याचा तलाव आहे, घोडाझरी आहे, मार्कंडा आहे. ज्यांना यजमानांना सोबत आणायचे असेल त्यांनी आणावे, ज्यांना सासूबाईंना आणायचे असेल त्यांनी अवश्य आणावे. डबा आपापला. आणि सहलीत एकच नियम असावा, 'पेपर कसा गेला' हे कुणी कुणाला विचारायचे नाही.

भद्रावतीच्या सहलीसाठी थोडी व्यवहाराची माहिती देते. एस. टी.ने किंवा रेल्वेने जाता येते. उन्हाळ्यात जायचे तर पहाटे निघून दहाच्या आत तलाव आटपावा. पावसाळ्यात दगडांवर शेवाळ धरते, तेव्हा घसरत्या चपला घालून पुलावर जाऊ नये. पाणी बरोबर न्यावे. प्लास्टिकच्या पिशव्या तलावात टाकू नयेत, कारण त्या बेटावर आपल्या आधीही कुणी बसले होते आणि आपल्या नंतरही कुणी बसणार आहे.

माझी सूचना मान्य झाली तर पहिल्या सहलीचा कैरीचा तक्कू माझ्याकडून.